भूत चालेल, साल चुकायला नको

मराठीतली सर्वांत महागात पडलेली खाडाखोड एका अक्षराची आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून पडला. ही खाडाखोड आनंदीबाईंनी केली, हे मराठी मुलाला बाराखडीच्या आसपासच कळतं. त्याला कागदोपत्री पुरावा नाही. पण पुराव्यावाचून मराठीत कुठल्या आख्यायिकेचं आजवर अडलंय? पुण्यात ही गोष्ट पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या ‘काका, मला वाचवा’कडे वळते आणि तिथेच संपते. धारमध्ये ती पुढे चालू राहते. पती राघोबादादांचं बिनसल्यावर गरोदर आनंदीबाई धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयाला आल्या आणि १० जानेवारी १७७५ला तिथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. म्हणजे जिच्यावर ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आळ, ती शेवटी ‘ध’च्याच दारात आली. धारचा मुरलेला वाचक एवढ्यावरही थांबत नाही. ‘मा’सुद्धा आमच्याकडेच आहे, असं तो बजावतो. मांडू, पस्तीस किलोमीटर.

अशा मुलखात भुताखेतांची प्रेमकथा लिहायला बसणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे घेऊन जाणं. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत हल्ली ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ नावाचा वेगळा कप्पा असतो. मेलेला किंवा धड न मेलेला प्रियकर, जुन्या लढाईचं न भरलेलं दुखणं, मध्येच एखादी देवता, आणि हे सगळं चारशे पानांत मार्गी लावायचं. मराठीत या प्रकाराला अजून नाव नाही. भूत म्हटलं की नारायण धारप, पुराण म्हटलं की ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’, लढाई म्हटली की ‘पानिपत’, असे मराठी वाचकाने कपाटातले खण वेगवेगळे ठेवले आहेत. धार-देवासकडच्या मराठी माणसाचा घोळ असा की त्याच्याकडे हे तिन्ही खण एकाच किल्लीने उघडतात.

समजा, पुण्यातल्या एखाद्या होतकरू लेखिकेने अशी कादंबरी लिहिलीच. नायक धारच्या पवारांचा शिलेदार. पानिपतावरून जिवंत परत आला आहे, पण रात्री टापांचे आवाज ऐकून दचकून उठतो, कुणाशी बोलत नाही. एका रात्री तो मांडूच्या रेवाकुंडावर जातो आणि तिथे त्याला एक बाई भेटते. सुंदर, गाणारी, आणि दोनशे वर्षांपूर्वी विष घेतलेली. ती रूपमती, हे सुज्ञांनी ओळखलंच असेल. दोघांच्या मध्ये देवीचा शाप. लेखिकेला वाटेल की दोनशे वर्षांचा हा सांधा आपण फार कल्पकतेने जुळवला. त्यात तिचं काही नाही. अकबराची फौज रूपमतीच्या प्रियकरावर, मांडूच्या बाज बहादूरवर चालून आली ती १५६१ साली आणि पानिपत झालं १७६१ साली. एवढं नेमकं अंतर माळव्याने आयतंच मोजून ठेवलं होतं.

आता ही कादंबरी धार-देवासच्या वाचकांच्या हाती पडली, तर काय होईल?

भुताबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही, हे पहिलं. रूपमती कुंडावर येते? येत असेल, तिचंच कुंड आहे. शाप आहे? असणारच, देवी जागृत आहे. पहिला आक्षेप येईल तो घोड्यावर. नायक एका घटकेत धारहून मांडूला पोहोचतो, असं पान बारावर लिहिलंय. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. चोवीस मिनिटांत पस्तीस किलोमीटर, तेही घाटवळणांनी? घोडा भुताचा असेल तर तसं स्वच्छ लिहा, म्हणजे आमची हरकत नाही.

दुसरा आक्षेप लोखंडी लाटेवर, म्हणजे धारच्या लोखंडी स्तंभावर. नायक दुःखाने लाटेला टेकून रडतो म्हणे. धारची लाट तीन तुकड्यांत मोडून आडवी पडलेली आहे. तिच्यावर बसून रडता येईल, फार तर आडवं पडून. टेकून रडायला ती उभी असायला हवी. याच लाटेला तिथले लोक एका तेलिणीच्या तराजूची दांडी म्हणतात. ‘कुठे राजा भोज, कुठे गंगा तेलीण’ या म्हणीतली तेलीण ती हीच, असा त्यांचा ठाम समज आहे. बेचाळीस-पंचेचाळीस फुटी दांडीचा तराजू धरणारी बाई या वाचकाला मान्य आहे. नायकाने टेकणं मान्य नाही.

देवासमध्ये प्रकरण आणखी नाजूक. इथे १९७४ पासून नोटांचा छापखाना आहे. छापखान्यातून निवृत्त झालेला वाचक पुस्तक उजेडासमोर धरूनच उघडतो. त्याच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही. पण देवासचा खरा प्रश्न वेलांटीचा नसून पातीचा आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ साली इथे बस्तान बसवलं, आणि पुढे एका गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, आणि गावातल्या रस्त्याच्या मधोमध हद्द. १९४८ साली दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली. रस्ता एक झाला. आठवणी मात्र अजून आपापल्या बाजूनेच चालतात.

“शिलेदार देवासला मुक्कामाला येतो म्हणे. कुठल्या पातीत?”

“काका, कादंबरी आहे ती. आणि मागून येतं ते भूत आहे. भुताला कसली आलीये पाती?”

“भूत असलं म्हणून काय झालं? रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहिलं, तेवढं लिहायला काय जातंय? उगीच मधोमध काय करून राहिलंय ते?”

गावावरच्या टेकडीची कथाही हीच. तिथे दोन देव्या आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा. गावकऱ्यांच्या लेखी मोठी माता आणि छोटी माता, सख्ख्या बहिणी. एकदा दोघींचं वाजलं. मोठी रागाने पाताळात निघाली, छोटी टेकडी सोडून चालू लागली. हनुमान आणि भैरव यांनी हातापाया पडून दोघींना थांबवलं, तोवर मोठी अर्धी जमिनीत गेली होती. देवींनाच जिथे वाटणीचा तंटा चुकला नाही, तिथे पवारांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आणि तिथे कादंबरीतल्या शापाला उतारा म्हणून लेखिकेने नुसती ‘टेकडीवरची देवी’ आणली, तर पहिला प्रश्न येणारच. कुठली?

पण देवासचा सर्वांत कडक वाचक कानाचा आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी इथे आले आणि १९९२ साली जाईपर्यंत इथलेच होऊन राहिले. टेकडीच्या पायथ्याशी इतकी वर्षं असं गाणं झाल्यावर गावाचे कान तयार होणारच. तिथे बेसूर भूत खपत नाही. लेखिकेने रूपमतीला मध्यरात्री भूप गायला लावलं, तर भुताच्या अस्तित्वावर शंका न घेता फक्त प्रहरावर घेतली जाईल. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. मध्यरात्री गाणाऱ्या भुताने मालकंस धरावा. मालकंसाला भुतं येतात असंही जुने गवई सांगत आले आहेत, म्हणजे दोन्ही कामं एकदम झाली.

अशा गावात एक इंग्रज कादंबरीकार येऊन राहून गेला. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खाजगी सचिव होता. (थोरल्या. धाकट्या पातीच्या वाचकांनी नोंद घ्यावी. त्यांनी ती घेतलेली असतेच.) तिथली गोकुळाष्टमी त्याने अनवाणी फिरून, मराठी दरबारी थाटात अनुभवली आणि १९२४च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागात उतरवली. देवळाच्या भिंतीवर ईश्वरावरचं एक इंग्रजी सुवचन लिहिलंय आणि त्यात दोन अक्षरांची उलटापालट झालीय, असा प्रसंग त्यात आहे. इंग्रजीतला ‘ध’चा ‘मा’च म्हणायचा, पण या वेळी कुणाचा जीव गेला नाही.

जगभरच्या वाचकांनी फॉर्स्टरला छळलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून. मराबारच्या गुहेत ती अडेला नावाची मुलगी शिरते, घाबरून धावत बाहेर येते. आत नेमकं झालं काय? माणूस होता, भूत होतं, की नुसता प्रतिध्वनी? त्याचा मित्र गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन यानेही हेच विचारलं, आणि आपल्यालाही ते ठाऊक नाही असं फॉर्स्टर सांगत राहिला. या उत्तरावर विलायतेत पुष्कळ शाई खर्ची पडली. माळव्यातल्या वाचकाला त्यात भानगड दिसत नाही. गुहा होती, अंधार होता, आवाज परत आला. आवाजच ऐकायचा होता तर मांडूला यायचं. दाईच्या महालासमोर उभं राहून हाक मारली की आपलंच नाव धडधडीत परत येतं. तिथे शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा घाबरत नाहीत.

फॉर्स्टरबद्दल आणखी एक गोष्ट फार कमी वाचकांच्या ध्यानात येते. पहिल्या महायुद्धात तो अलेक्झांड्रियात रेड क्रॉसकडे होता. इस्पितळातल्या जखमी सैनिकांच्या खाटांजवळ जाऊन, बेपत्ता झालेल्या सैनिकांची चौकशी करायची, हे त्याचं काम. तुझ्या शेजारी अमका होता ना? शेवटचा कुठे दिसला? पडला, की पकडला गेला? घरच्यांना काय कळवू? तीन वर्षं हे विचारून झाल्यावर तो माणूस जिथे आला, तिथल्या मराठी घरांत हाच प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात होता. पानिपतावर भाऊसाहेब शेवटचे कुठे दिसले?

आणि इथे थट्टा जरा बाजूला ठेवावी लागते.

पानिपतची बातमी पेशव्यांना माळव्यातच कळली. नानासाहेब कुमक घेऊन उत्तरेला निघाले होते. नर्मदा ओलांडून भेलशाच्या बाजूला पोहोचले, तिथे एका सावकाराचं पत्र हाती आलं. त्यात माणसांची नावं नव्हती. मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता. व्यापारी पत्राच्या भाषेत सबंध लढाईचा निकाल लिहिलेला. नानासाहेबांना वाचताक्षणी उमगलं. २३ जून १७६१ला पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. पानिपतच्या कथेचा हा पहिला मराठी वाचक, आणि त्याची प्रतिक्रिया ही अशी.

धारचे यशवंतराव पवार १४ जानेवारीला रणातच पडले होते. त्यामुळे धारमध्ये पानिपत हे पुस्तकातलं पानिपत नाही, घरचं मयत आहे. मयताच्या घरी जसं होतं तसंच इथे होतं. रडणं लवकर आटोपतं, पण कोण आलं होतं आणि कोण निघून गेलं, याची चर्चा आटोपत नाही. मल्हारराव होळकर लढाईच्या शेवटी बाहेर पडले. यावर धारचा वाचक आणि इंदूरचा वाचक आजही पोहे-जिलबीच्या बशीवर एकमेकांना ऐकवतात. एक म्हणतो, निघून आले. दुसरा म्हणतो, सगळेच मेले असते तर उत्तरेत पुन्हा कोण उभं राहिलं असतं? तिसरा सांगतो की भाऊंनीच त्यांना तसं सांगितलं होतं. आणि चौथा, जो छापखान्यातून निवृत्त झालाय, तो पोह्यांवर जीरावन भुरभुरत म्हणतो की लढाई संक्रांतीला झाली हेच आधी चूक. त्या काळी संक्रांत चौदाच्या तीन-चार दिवस आधी येत असे. गणित त्याचंच बरोबर असतं. मराठीत मात्र ‘संक्रांत कोसळली’ म्हटल्यावर पानिपत आठवतंच, आणि ‘विश्वास तर पानिपतात गेला’ हे वाक्य उधारी मागायला आलेल्यालाही ऐकवलं जातं.

बेपत्ता माणसाची प्रेमकथा कशी असते, हे पुण्यातल्या लेखिकेने पार्वतीबाईंकडून शिकावं. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी स्वतः पानिपतावर होत्या. जानू भिंताडा नावाच्या सेवकाने त्यांना त्या कत्तलीतून काढून दक्षिणेला आणलं. भाऊंचं शव सापडलं, त्याला अग्नी दिला, अशा बातम्या आल्या. पार्वतीबाईंनी त्या मानल्या नाहीत आणि कुंकू पुसलं नाही. घरात कुणाची छाती झाली नाही ते पुसायला लावण्याची. काही वर्षांनी उत्तरेतून एक माणूस आला आणि म्हणाला, मी भाऊ. लोकांनी मानला. चौकशीत तो बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण सुखनिधान निघाला, कैदेत पडला. १७७६ साली रत्नागिरीत सुटका होताच त्याच्यामागे हजारोंची फौज उभी राहिली, कोकणातले किल्ले पटापट त्याच्या हाती आले. पंधरा वर्षांनी. न. चिं. केळकरांनी पुढे यावरच ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. अखेर तोतया पकडला गेला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

आता एवढे सरदार, एवढे किल्लेदार, सगळेच काही भोळे नव्हते. काहींचं राजकारण होतं, पुण्याच्या कारभाऱ्यांवर राग होता. पण राजकारणालासुद्धा कथा लागते, आणि ही कथा लोकांना खरी व्हायला हवी होती. मेलेला माणूस परत येतो, बायको कुंकू लावून वाट बघते आहे, आणि हरलेली लढाई अजून पुरती हरलेली नाही. त्या पुस्तकाच्या दुकानातल्या कप्प्यात आणखी वेगळं काय असतं? विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली आणि मराठी वाचकांच्या मनातले हेकट भाऊ एकदम शूर, अभागी भाऊ झाले. तेव्हाही परत आलं ते कोण, असा प्रश्न एखाद्या खवचट वाचकाने विचारला तर त्याला उत्तर देणं सोपं नाही.

राहता राहिली मूळ नायिका. रूपमती आणि बाज बहादूर यांची कथा अहमद-उल-उमरी याने १५९९ साली फारसीत लिहिली आणि १९२६ साली क्रम्प नावाच्या इंग्रजाने तिचा ‘द लेडी ऑफ द लोटस’ म्हणून अनुवाद केला. सारंगपूरला लढाई झाली, बाज बहादूर पळाला, अकबराचा सरदार आदम खान रूपमतीकडे निघाला, तिने विष घेतलं. इथवर वाचक हळहळतो. पुढच्या वर्षी आदम खानाला अकबराने आग्र्याच्या गच्चीवरून फेकून दिलं, त्याचा जोडीदार सरदार पीर मुहम्मद नर्मदेत बुडाला. शाप फळला म्हणून वाचक समाधानाने मान डोलावतो. मग नायकाचं काय झालं, असं तो विचारतो, आणि इथे इतिहास दगा देतो. बाज बहादूर काही वर्षं वणवण भटकला आणि १५७०च्या सुमाराला अकबराच्याच चाकरीत लागला. मनसब मिळाली. ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी गवयांच्या यादीत त्याचं नाव आहे.

इंग्रजी कादंबरीच्या वाचकाला हा शेवट दिला तर तो पुस्तक फेकून देईल. नायिका प्रेमापायी विष घेते आणि नायक शत्रूच्या दरबारी नोकरीला लागतो? मराठी वाचकाची प्रतिक्रिया थोडी निराळी असते. घरातल्या तरुण मुली संतापतात, त्यांचं बरोबरच आहे. पण घरातलं एखादं वडीलधारं माणूस चष्मा पुसत म्हणतंच, “दरबारी नोकरी, वर गाण्याचं अंग. स्थळ तसं वाईट नव्हतं.”

मांडूत ज्याला बाज बहादूरचा महाल म्हणतात तो त्याने बांधलेला नाही. नासिरुद्दीन खिलजीने तो १५०८-०९ साली, बाज बहादूरच्या कितीतरी आधी बांधला. रूपमतीचा मंडपही आधी टेहळणीची चौकी होता, वरच्या छत्र्या नंतरच्या. आख्यायिका असं सांगते की रूपमती तिथून रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नसे. चौकीवरून शत्रू दिसावा म्हणून बांधलेल्या जागेवरून ती नदी बघत होती, आणि शत्रू आला तो दुसऱ्याच बाजूने. पुण्याच्या लेखिकेला शेवट सुचत नसेल तर हा फुकट घ्यावा.

मांडूला जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि मंडपावर सकाळी लवकर चढा. हवा स्वच्छ असली तर खाली निमाडच्या सपाटीत, लांबवर, नर्मदेची एक बारीक चकाकती रेघ दिसते. नाही दिसली, तर गाईड बोट करून दाखवेल तीच नर्मदा समजा. आणि सोबत देवासचं कुणी असेल, तर तिथे चुकूनही गुणगुणू नका.